स्वावलंबी सायकलीचा सरंजाम

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तिन्ही कामे मध्ये विसावा न घेता एकापाठोपाठ एक पार पाडावयाची, असे ज्या क्रीडाप्रकाराचे स्वरूप आहे, त्या ट्रायथलॉनविषयी अलीकडे आपल्याकडेही कुतूहल वाढले आहे. आणि २०१९ साली गोव्यात निम्म्या पल्ल्याची 'आयर्नमॅन' ही ट्रायथलॉन स्पर्धा भरल्यापासून तर पुण्या-कोल्हापुराकडच्या अनेक घरांत या विषयाची चर्चा होऊ लागली आहे. पूर्ण पल्ल्याच्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहून बाहेर आलेल्या माणसाने १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि तीवरून उतरून ४२.२ किलोमीटर धावावयाचे असते. १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर अवघ्या १५ स्पर्धकांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा १९८१ साली शेजारच्या मोठ्या बेटावरील कोना येथे गेली, आणि तेथील थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या माळरानातून जाणारा निर्वृक्ष राजरस्ता या खेळाची खरी कसोटी मानला जाऊ लागला. प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरतात ती त्या सायकलींची चाके आणि फ्रेमची घडण. परंतु पाणी कोठे ठेवले आहे आणि पंक्चर काढण्याचे सामान कोठे बांधले आहे, एवढे पाहिले तरी चालविणाऱ्याची समज ओळखता येते, असे माझे मत आहे.

याचे कारण स्पर्धेच्या नियमांत आहे. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत संघाची मोटार सुटी चाके घेऊन मागोमाग येत असते. येथे मात्र बाहेरच्या माणसाची मदत घेण्यास सक्त मनाई असून, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पत्नीने वा प्रशिक्षकाने पाण्याची बाटली पुढे केली तरी तीही घेता येत नाही. आयोजकांच्या पाणपोया आणि त्यांनी नेमलेले दुरुस्तीपथक एवढाच काय तो अधिकृत आधार, आणि ते पथक आपल्यापर्यंत केव्हा पोहोचेल याची हमी कोणी देत नाही. शिवाय नेमून दिलेल्या जागेबाहेर रिकामी बाटली किंवा फाटकी ट्यूब टाकणे हाही दंडनीय अपराध असल्यामुळे, जे लागेल ते बरोबर न्यावयाचे आणि निकामी झालेलेही बरोबर बाळगावयाचे, अशी दुहेरी तरतूद करावी लागते.

आता पाण्याचा विचार करू. उष्ण हवेत तासाला अर्धा ते एक लिटर पाणी पोटात जावे लागते, आणि सायकलीचा पल्ला सामान्य स्पर्धकाला पाच ते सात तास पुरतो. एक लिटर पाण्याचे ओझे एक किलो. परंतु सपाट रस्त्यावर ओझ्यापेक्षा वारा अधिक छळतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. १९८९ सालच्या टूर द फ्रान्समध्ये व्हर्साय ते पॅरिस या अखेरच्या २४.५ किलोमीटरांच्या टप्प्यात ग्रेग लेमाँडने पन्नास सेकंदांची पिछाडी भरून काढून अवघ्या ८ सेकंदांनी विजय मिळविला, तेव्हा त्याच्या हँडलवर ट्रायथलॉनपटूंच्या वापरातले, पुढे काढलेले दोन दांडे होते. त्यांवर कोपरापासून मनगटापर्यंतचे हात टेकून माणूस जवळजवळ आडवा होतो, आणि त्या दोन हातांच्या मधली जागा वाऱ्याच्या दृष्टीने आधीच व्यापलेली असल्याने तेथे आडवी बसविलेली बाटली फारसा नवा अडथळा करीत नाही. फ्रेमच्या खालच्या नळीवरील वाटोळी बाटली मात्र वारा चांगलाच अडविते.

तथापि हातांमधल्या बाटलीचा मोठा गुण वाऱ्याशी निगडित नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तिची नळी ओठांपाशी येत असल्यामुळे पवित्रा न मोडता घोट घेता येतो. सीटमागच्या बाटलीसाठी उठून बसावे लागते आणि एक हात सोडून पाठीमागे चाचपावे लागते. पहिल्या तासात हे सहज जमते, परंतु चौथ्या तासात शिणलेले मन 'थोड्या वेळाने पिऊ' म्हणून टाळाटाळ करू लागते, आणि त्या टाळाटाळीची वसुली पुढे धावण्याच्या पल्ल्यात होते. शिवाय खड्ड्यात चाक आदळले की सीटमागच्या सैल केजमधून, म्हणजे बाटली धरणाऱ्या पिंजऱ्यातून, बाटली उसळून मागून येणाऱ्याच्या वाटेत पडते. म्हणून पुढची बाटली पिण्याची, मागची साठ्याची, आणि पाणपोईवर मिळालेली बाटली पुढच्या भांड्यात रिती करून तेथेच टाकावयाची, ही वाटणी मला सर्वांत सयुक्तिक वाटते.

दुरुस्तीच्या सामानाचा न्याय याच्या उलट. ते क्वचितच लागते, म्हणून दूर बांधले तरी चालते. मात्र ते हलता कामा नये. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, एक छोटा बहुउपयोगी पाना, ट्यूब फुगविण्यासाठी कर्बवायूची सोळा ग्रॅमची दोन नळकांडी आणि ती व्हॉल्व्हला जोडणारे तोंड, एवढा ऐवज फडक्यात घट्ट गुंडाळून सीटखालच्या पिशवीत किंवा झाकणाच्या बाटलीत ठेवावा. खोल रिमच्या चाकाला लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते, आणि मागचे चाक भरीव तबकडीचे असेल तर व्हॉल्व्हपाशी जागा इतकी अपुरी असते की काटकोनी जोडणी बरोबर नसल्यास ते तोंड बसतच नाही; ही गोष्ट घरी कळावी, रस्त्यावर नव्हे.

प्रत्यक्ष कामात पहिली जपणूक असते ती घाई न करण्याची. ट्यूब बाहेर काढली की टायरची आतली बाजू बोटांच्या अग्रांनी सावकाश चाचपावी, कारण ट्रकच्या झिजलेल्या टायरातून गळालेली केसाएवढी तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते. ती तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते. नव्या ट्यूबेत तोंडाने किंचित हवा फुंकावी, म्हणजे ती गोलाई धरते आणि टायरच्या कडेखाली चिमटत नाही. मग दोन्ही बाजूंनी कड पाहून घेऊन नळकांडे सोडावे. वायू सुटताना धातू गारठून त्यावर हिम धरते, म्हणून ते फडक्यात धरावे. आणि एका नळकांड्यात दुसरी संधी नसते.

याची साक्ष २००८ सालच्या कोना येथील जागतिक स्पर्धेत मिळाली. आघाडीवर असलेल्या क्रिसी वेलिंग्टनची ट्यूब फुटली, वायू वाया गेला, आणि प्रतिस्पर्धी एकेक करून पुढे निघून जात असता ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अखेर रेबेका कीट या ऑस्ट्रेलियन प्रतिस्पर्धिनीने आपल्याजवळचे नळकांडे तिला दिले आणि वेलिंग्टनने ती शर्यत जिंकली. स्पर्धकांनी परस्परांना असे साहाय्य करण्यास आजच्या नियमांतही मुभा आहे. त्याच रस्त्यावर २००५ साली आदल्या वर्षीचा विजेता नॉर्मन श्टाडलर याच्या चाकावर चिकटविलेला टायर डिंकाच्या अतिरेकामुळे निघेना, आणि त्याची स्पर्धा तेथेच संपली. जगज्जेत्यांच्याही सामानाची आधी रंगीत तालीम झालेली असावी लागते, एवढे या दोन प्रसंगांवरून निःसंशय दिसते.

कर्बवायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून स्पर्धेनंतर तो सोडून देऊन पंपाने साधी हवा भरावी. विमानात ही नळकांडी नेण्यावर निर्बंध असल्याने परदेशी जाणाऱ्याने ती तेथेच विकत घेण्याची तजवीज ठेवावी. मोटारीने गोव्याला जाणाऱ्या पुणेकराला ही अडचण नाही. मात्र आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरताना बसलेल्या हादऱ्यांनी केजचे स्क्रू ढिले पडतात, तेव्हा मुक्कामी पोहोचताच प्रत्येक बाटली आणि पिशवी हाताने हलवून पाहावी, आणि जे खुळखुळेल ते स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळीच पुन्हा आवळून घ्यावे.