वेगाने बळ किती वाढतं?

सेकंदाला २० कोटी! मे १९९७मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा ‘डीप ब्लू’ हा संगणक पटावरच्या इतक्या स्थिती तपासत होता. त्यासाठी त्यात बुद्धिबळाकरिताच घडवलेल्या ४८० चिप बसवल्या होत्या. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. हा आकडा ऐकला की मुलांची खात्रीच पटते, की यंत्र जितकं वेगवान तितकं बलवान. हे खरं आहे, पण अर्धंच.

आधी खरा अर्धा भाग पाहू. डावाच्या मध्यात खेळाडूपुढे साधारण ३५ चाली असतात. आपली एक चाल आणि तिच्यावरची सगळी उत्तरं पाहायची, तर १,२२५ स्थिती होतात. आणखी एक चाल पुढे गेलं, की ४२ हजारांच्या वर. सुदैवाने सगळंच तपासावं लागत नाही. एका उत्तराने आपला वजीर फुकट जातो हे दिसलं, की त्या चालीवरची बाकीची उत्तरं पाहण्याचं कारण उरत नाही. ‘अल्फा-बीटा’ ही पद्धत नेमकी हीच छाटणी करते. तरीही एकेक चाल खोल जायला साधारण पाच-सहा पट वेळ लागतोच.

‘युनिक्स’ या संगणक-प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी हे बळ मोजून पाहिलं. जो कॉन्डन यांच्यासह बांधलेल्या ‘बेल’ या यंत्राला त्यांनी स्वतःशीच खेळवलं. एक बाजू चार चाली खोल पाहणारी, तर दुसरी पाच चाली. खोली एका चालीने वाढली, की ताकद दाखवणारं रेटिंग साधारण २०० गुणांनी वाढे. त्यावरून वेग दुप्पट केला तर ५० ते ७० गुण मिळतात, असा ठोकताळा रूढ झाला. पण थॉम्प्सन यांच्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. खोली वाढत गेली, तसा प्रत्येक चालीमागचा लाभ घटत गेला.

आता उरलेला अर्धा भाग. २००९मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम मोबाइल फोनवर खेळला आणि त्याने १०पैकी साडेनऊ गुण मिळवले. त्याचा वेग सेकंदाला २० हजार स्थितींहूनही कमी, म्हणजे ‘डीप ब्लू’च्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी! कोणती चाल खोलवर तपासायची आणि कोणती सोडून द्यायची, याची त्याची निवड उत्तम होती. २०२०मध्ये ‘स्टॉकफिश’ या बुद्धिबळ इंजिनने स्थितीचं मूल्यमापन करण्यासाठी छोटं न्यूरल नेटवर्क घेतलं. त्यामुळे तपासल्या जाणाऱ्या स्थिती बऱ्याच कमी झाल्या, तरी त्याची ताकद वाढली. मात्र असं नेटवर्क शिकवून तयार करायला प्रचंड गणनशक्ती लागते. म्हणजे वेगाचं महत्त्व संपलेलं नाही. पूर्वी तो डाव चालू असताना खर्च होई, आता त्यातला मोठा वाटा डावाआधीच्या शिकवणीत जातो.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलाच्या बुद्धिबळासाठी महागडा संगणक घेऊ नका. साध्या फोनवर फुकट चालणारं ‘स्टॉकफिश’ आज जगज्जेत्यापेक्षाही बलवान आहे. डाव संपला की मुलाला आधी स्वतःचे विचार वहीत लिहू द्या, इंजिन त्यानंतर सुरू करा. संगणकाचे वाचलेले पैसे स्पर्धांच्या प्रवेश शुल्कावर आणि प्रवासावर खर्च करा.