संपामुळे कोरे राहिलेले गुरुवार



बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा गाण्यांचा कार्यक्रम १९६४ ते २००६ असा ४२ वर्षं चालला. २०११पासून ‘बीबीसी फोर’ने १९७६पासूनचे भाग क्रमाने पुन्हा दाखवायला घेतले. पण १९८०च्या जून-जुलैचे भागच नाहीत! बीबीसीने आपले पाच वाद्यवृंद मोडायचं ठरवलं, म्हणून वादकांच्या संघटनेने संप केला. कार्यक्रम परतला तो थेट ७ ऑगस्टच्या गुरुवारी.

आपल्याकडे उलटं झालं. नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईतल्या सिने-टीव्ही कामगारांच्या संपामुळे नवं चित्रीकरण थांबलं आणि वाहिन्यांना जुनेच भाग दाखवावे लागले.

पडद्यामागच्या हातांशिवाय गाणं घरात पोचत नाही, एवढं लक्षात असू द्या.