पोत्याचा हट्ट

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. कापणी व मळणी आटोपली, की तुमसरच्या बाजारपेठेत धानाची पोती येऊन पडू लागतात. तेथे फरशीवर पडलेले भरले पोते एखादा हमाल ढकलू लागला, तर प्रथम ते जागचे हलत नाही. तो अधिक जोर लावतो. तरीही पोते तसेच! शेवटी सारे बळ एकवटून तो रेटा देतो आणि पोते एकाएकी सरकते. नवल असे, की एकदा सरकू लागल्यावर ते तसेच सरकत ठेवण्यास तेवढा जोर लागत नाही. पोत्याचे वजन तर तसूभरही घटलेले नसते. मग त्याचा हट्ट गेला कोठे?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले असता त्यांच्या सरकण्यास विरोध करणारे जे बल, त्यास घर्षण म्हणतात. वस्तू स्थिर असताना होणारा विरोध म्हणजे स्थितिक घर्षण आणि ती सरकत असताना होणारा विरोध म्हणजे गतिक घर्षण.

स्थितिक घर्षणाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. कोणी ढकलत नसेल, तर ते शून्य असते. समजा, पोत्याला १० किलोग्रॅम वजनाइतका रेटा दिला, तर तेही बरोबर तेवढाच विरोध करते. २० इतका दिला, तर विरोधही २० इतका होतो. परंतु या जशास तसे वागण्याला एक मर्यादा असते. ती मर्यादा ३० असेल, तर रेटा ३० च्या पुढे जाताच पोते सरकू लागते. त्यानंतर गतिक घर्षणाचा अंमल सुरू होतो आणि ते बहुधा त्या मर्यादेहून कमी असते.

असे का व्हावे? गुळगुळीत भासणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल दिसतो. दोन पृष्ठभाग थोड्याच उंचवट्यांवर परस्परांना टेकतात आणि तेथे एकमेकांना धरून राहतात. वस्तू काही काळ स्थिर राहिली, की ही पकड अधिक घट्ट होते. सरकत्या वस्तूला तेवढी उसंत मिळत नाही. वस्तू जितका वेळ स्थिर राहील तितके तिला हलविणे अधिक जड जाते, ही गोष्ट कूलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नोंदविली होती.

हा हट्ट हमालाला शत्रू वाटला, तरी माणसाचे चालणे त्याच्याच आधारावर होते. पाऊल जमिनीला मागे रेटते, जमीन त्याला पुढे रेटते आणि तेवढा वेळ पाऊल जागचे सरकत नाही. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन चिखलाच्या धुऱ्यावरून जाणाऱ्या स्त्रिया आखूड पावले टाकतात, ते याचसाठी. ओल्या चिखलात स्थितिक घर्षणाची मर्यादा फार कमी असते. लांब पाऊल टाकले, की ती ओलांडली जाते. मग उरते केवळ दुबळे गतिक घर्षण आणि तोल सावरणे अवघड होते.

याच तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खनिजाने भरलेली मालगाडी इंजिन ओढते, तेही स्थितिक घर्षणाच्या बळावर. चाक फिरत असले, तरी त्याचा रुळाला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो. रूळ ओले असता इंजिनाने एकदम जोर लावला, तर चाके जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी पुढे सरकत नाही. अशा वेळी चालक जोर कमी करतो व चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो. वाळूने पकड वाढते आणि गाडी चालू लागते. जोर वाढवून जे साधत नाही, ते जोर आवरून साधते!

हा फरक घरीही पाहता येतो. एका विटेला रबरी नाडी बांधून ती हळूहळू ओढावी. वीट हलण्याच्या क्षणी नाडी किती ताणली गेली आणि वीट सावकाश सरकत असताना ती किती ताणलेली राहिली, हे पट्टीने मोजावे. पहिला आकडा मोठा आला, तर समजावे, की पोत्याचा हट्ट विटेतही आहे.