धुराचा पत्ता

दहा किलोमीटर दूरच्या डोंगरात धुराची एक रेघ वर चढताना दिसते. ती नेमकी कोणत्या नाल्याच्या काठावर उठली आहे, हे जागचं न हलता सांगता येईल? उपग्रह नव्हते तेव्हाही माणसं हे सांगत होती, आणि तेही दोन-तीनशे मीटरच्या फरकानं! ही विद्या एकदा उमगली की सातपुड्याचा कुठलाही माथा वेगळाच दिसू लागतो.

ती समजून घ्यायला वाशीमकरांनी नरनाळ्याला जावं. अकोला, अकोट करत शहानूर गाठायचं, वनविभागाची परवानगी घ्यायची आणि एकामागून एक दरवाजे ओलांडत वर चढायचं. चढ घाम काढतो, पण झेपतो. मधोमध नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड अशी किल्ल्याची तीन अंगं आहेत. जिथवर मुभा असेल तिथवर तटाच्या कडेनं फिरावं, शक्कर तलाव पाहावा आणि महाकाली दरवाज्याशी थोडं जास्त रेंगाळावं. १४८७ सालचं ते दगडी काम वऱ्हाडातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग तटावर उभं राहून दोन्हीकडे पाहावं. दक्षिणेला वऱ्हाडाची सपाटी, उत्तरेला मेळघाटाच्या रांगा. शत्रूच्या घोडदळाची धूळ दिसावी म्हणून गड जिथं बांधतात, तिथूनच वणव्याचा धूरही आधी दिसतो. सपाटीपेक्षा १०० मीटर उंच उभं राहिलं तर क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असतं. ४०० मीटरवर चढलं तर ते ७१ किलोमीटरवर जातं. उंची चौपट, नजर दुप्पट.

यात निसर्गानं एक विलक्षण सोय करून ठेवली आहे. मेळघाटात सागवान पुष्कळ. उन्हाळा लागतो तसा सागाचा पाला झडतो आणि खाली पापडासारखा वाळतो. म्हणजे जंगल सर्वांत जास्त पेटण्याजोगं होतं, नेमकं तेव्हाच ते उघडं पडतं आणि पहारेकऱ्याला दूरवरचं दिसू लागतं. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात, तो यामुळेच.

आता धुराचा पत्ता. एका माथ्यावरून धूर दिसला तर फक्त दिशा कळते, अंतर नाही. पण दुसऱ्या माथ्यावरच्या माणसालाही तोच धूर दिसला आणि दोघांनी उत्तरेपासूनचा आपापला कोन मोजला, तर नकाशावर दोन रेषा ओढायच्या. त्या जिथं छेदतात, तिथं आग! दहा किलोमीटरवर एका अंशाची चूक झाली तर जागा जेमतेम १७५ मीटर सरकते. अमेरिकेत १९१० साली सुमारे १२ लाख हेक्टर जंगल दोन दिवसांत जळालं. त्यानंतर तिथं डोंगरमाथ्यांवर टेहळणी खोल्यांचं जाळं उभं राहिलं आणि विल्यम ऑस्बोर्न या वनाधिकाऱ्यानं या कामासाठी फिरतं कडं आणि नेम धरायची पट्टी बसवलेलं गोल नकाशाचं टेबलच तयार केलं. तिथं विजा पडून वणवे लागतात, म्हणून वादळात पहारेकरी काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर उभे राहत.

आपल्याकडे वीज हे कारण क्वचितच. वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातचे. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून झुडपं जाळतात, कुणी विडीचं थोटूक टाकतं.

पहारेकऱ्याचा डोळा कसा तयार होतो ते पाहा. एप्रिलच्या दुपारी वावटळही लांबून धुरासारखीच दिसते. पण वावटळ चालत राहते, धुराचं बूड जागा सोडत नाही. पांढरा, दाट धूर असेल तर जळणात ओल आहे. आणि धूर उताराच्या पायथ्याशी असेल तर घाई करायची, कारण ज्वाळा वरचा पाला आधीच तापवतात. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

तिला अडवायला जाळरेषा असतात. हंगामाआधी गवत-पाला कापून, आपणच राखणीत जाळून केलेले हे मोकळे पट्टे. आग इथवर येते आणि तिला खायला काही उरत नाही. आगीपासून जंगल राखण्याचे भारतातले सुरुवातीचे पद्धतशीर प्रयत्न याच सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बोरीच्या जंगलात, १८६०च्या दशकात झाले. कारंजा-सोहोळच्या आपल्या काळवीट अभयारण्यासारख्या गवताळ रानात तर या पट्ट्यांना पर्याय नाही, कारण वाळलेलं गवत पाल्यापेक्षाही झपाट्यानं पेटतं.

आज आग हुडकण्याचं काम उपग्रह करतात. जमिनीचा ३७५ मीटरचा एकेक चौकोन तपासून ते उष्णता टिपतात आणि देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून इशारा थेट वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर येतो. थक्क करणारीच गोष्ट आहे ही. पण हे उपग्रह डोक्यावरून दिवसातून काही वेळाच जातात. मधल्या तासांत पेटलेली आग दिसते ती मनोऱ्यावर, रस्त्यावर किंवा गडावर उभ्या असलेल्या माणसालाच.

तो माणूस तुम्हीही असू शकता. डोंगरात धूर दिसला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. ‘तिकडे कुठंतरी धूर आहे’ एवढंच सांगू नका. तुम्ही नेमके कुठं उभे आहात आणि धूर तिथून कोणत्या दिशेला आहे, हे दोन्ही सांगा. मोबाइलमधलं होकायंत्र कोन दाखवतं. दुसरी रेषा आणखी कुणाच्या तरी फोनवरून येईल.