चाकांची दुसरी जोडी

मृगाचा पाऊस चांगला लागला आणि रोपे वीतभर उंच झाली, म्हणजे उरण तालुक्याच्या पूर्व भागात, चिरनेरच्या आसपासच्या भातखाचरांत, चिखलणीची घाई सुरू होते. पूर्वी हे काम बैलजोडी आणि नांगर यांच्याच बळावर होत असे. आता कोकणात पुष्कळ ठिकाणी ते ट्रॅक्टर करतो. आणि जेथे खाचरे लहान असतात, तेथे पॉवर टिलर नावाचे छोटे यंत्र करते. ते चालविणारा त्याच्या दांड्या धरून मागून चालत जातो.

हे यंत्र खाचरात उतरविण्यापूर्वी जाणता शेतकरी एक काम आवर्जून करतो. यंत्राखाली भक्कम टेकण देऊन तो ते उचलून धरतो, त्याची काळी रबरी चाके काढतो आणि त्यांच्या जागी पिंजऱ्यासारखी दिसणारी लोखंडी चाके बसवितो. या चाकांना बाजारात केज व्हील म्हणतात. कालपर्यंत सडकेवरून सुरळीत धावणारी रबरी चाके आज अशी बांधावर का बसून राहावीत? ती झिजली आहेत म्हणून नव्हे. ती अगदी नवी असली तरी काढावीच लागतात. कारण चाक चांगले की वाईट, हे केवळ चाकाकडे पाहून ठरत नाही. ते ज्या जमिनीवर फिरायचे, ती जमीन हे ठरविते.

प्रथम सडकेचा विचार करू. उरणला सडकांची वानवा नाही. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तेव्हापासून मोठमोठ्या लोखंडी पेट्या वाहून नेणारी लांबलचक वाहने या भागात रात्रंदिवस धावत असतात. त्यांची चाके मोजण्याचा छंद तेथील मुलांना नसला, तरच नवल! अशा वाहनाचा सारा भार रबरी टायरांवर असतो. सडक टणक असल्यामुळे चाक तिच्यात रुतत नाही. रबर तिच्या खरखरीत पृष्ठाला घट्ट धरते, आणि चाकाने सडकेला मागे रेटले की वाहन पुढे जाते. आपण चालतो तेव्हा आपले पाऊलही हेच करीत असते.

आता हेच चाक भातखाचरात उतरवून पाहा. तेथे मागे रेटण्यासारखे टणक असे वर काहीच नाही. टायरावरील खाचा चिखलाने भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चाक जागच्या जागी गरगर फिरते, चिखल उडविते, आणि जितके फिरते तितके खोल जाते. झिजलेल्या चपला घालून पावसात बांधावरून चालणाऱ्यास याचा अनुभव असतोच.

दुसरी अडचण भाराची आहे. समजा, एका चाकावर २०० किलोग्रॅम भार आहे आणि ते चाक १०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले आहे. तर त्या जागेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ किलोग्रॅम भार पडेल. तोच भार रुंद चाकामुळे ५०० चौरस सेंटिमीटर जागेवर पसरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला केवळ ४०० ग्रॅम येतील. चिखल दोन किलोग्रॅमखाली दबून जाईल. पण चारशे ग्रॅम तो कदाचित पेलून धरील. जुन्या बैलगाडीचे चाक अरुंद असे आणि त्यावर लोखंडी धाव चढविलेली असे. कोरड्या गाडीवाटेवर ते उत्तम चाले; परंतु भर पावसात भरलेली गाडी खाचरात घालण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे.

लोखंडी चाकाची घडण या दोन्ही अडचणी ध्यानात घेऊन केलेली असते. दोन-तीन लोखंडी कडी एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवून ती आडव्या पट्ट्यांनी जोडतात. त्यामुळे चाक चांगले रुंद होते. पट्ट्यांच्या मधली जागा मोकळी असल्याने चिखल तेथे अडकून न राहता खाली गळून पडतो. प्रत्येक पट्टी वल्ह्यासारखी चिखलात शिरते आणि त्याला मागे लोटते. करंजाच्या खाडीत होडी वल्हविणारा कोळी पाण्याला जसे लोटतो, तसेच हे आहे. एवढेच नव्हे, तर या पट्ट्या ढेकळे फोडून मातीचा काला करतात. म्हणजे चालण्याबरोबरच चिखलणीचेही काम होऊन जाते. भाताला असा चिखल हवाच असतो. मातीचे बारीक कण खाली बसून छिद्रे बुजवितात, त्यामुळे खाचरातले पाणी लवकर झिरपून जात नाही आणि रोपे सहज लावता येतात. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या खाचरात वीतभर खोलीवर एक घट्ट थर तयार झालेला असतो. पट्ट्या त्या थरापर्यंत पोहोचल्या, म्हणजे यंत्राला खरा आधार मिळतो.

मात्र लोखंडी चाके दिसली की उचलून आणली, असे करून चालत नाही. निवड करताना पहिली गोष्ट पाहायची ती चाकाचा मधला भाग, म्हणजे तुंबा. तो यंत्राच्या आसाशी तंतोतंत जुळला पाहिजे. ट्रॅक्टरच्या चाकाला मध्यभागी वर्तुळात छिद्रे असतात आणि त्यांतून बोल्ट आवळतात. नव्या चाकाची छिद्रे संख्येने तेवढीच आणि तेवढ्याच अंतरावर हवीत. एखादे छिद्र जुळत नाही म्हणून चारच बोल्टांवर काम भागविणारे लोक आढळतात. त्यांच्या काटकसरीचे कौतुक करता येत नाही. कारण उरलेल्या बोल्टांवर ताण येऊन ते तुटले, तर चाक निखळते आणि चालविणाऱ्याच्या जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यास. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १८८ सेंटिमीटर अंतर तोडते. ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक २२० सेंटिमीटर तोडते. हा हिशेब तुम्ही २२/७ ने करून पाहू शकाल. मोठे चाक लावले तर यंत्र वेगाने जाईल, असे वाटते खरे. पण चिखलात तेवढी ओढ इंजिनाला झेपली पाहिजे. न झेपल्यास ते धापा टाकते आणि बंद पडते. म्हणून नव्या चाकाचा व्यास यंत्र बनविणाऱ्याने सांगितलेल्या मापाबाहेर असू नये. दोन्ही बाजूंची चाके तर एकसारखीच हवीत. एक लहान व एक मोठे असेल, तर यंत्र लहान चाकाच्या बाजूला सारखे वळू पाहील.

रुंदीचेही असेच आहे. फार रुंद चाक भार चांगला पसरविते, पण तेवढाच अधिक चिखल त्याला ढकलावा लागतो, आणि खाचराच्या कोपऱ्यात ते वळविताना बांध फुटतो.

आणखी एक बारकावा आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरावरील जाड उंचवटे तिरपे असतात. ते मधोमध एकमेकांजवळ येतात आणि त्यांचा बाणासारखा आकार दिसतो. चाक फिरताना या बाणाचे टोक आधी जमिनीला टेकावे आणि बाहेरची टोके नंतर टेकावीत, अशी ती रचना आहे. त्यामुळे चिखल दोन्ही बाजूंना सरकून निघून जातो. उजवे चाक डावीकडे आणि डावे उजवीकडे बसविले, तर बाण उलटा होतो आणि चिखल मध्येच साठतो. ज्या लोखंडी चाकांच्या पट्ट्या तिरप्या असतात, त्यांनाही डावे-उजवे असते.

ही जोडी घेण्याचे टाळून रबरी चाकांवरच वेळ मारून नेण्याचा प्रयत्न काही जण करतात. ट्रॅक्टर रुतला की त्याच्या मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून तो बाहेर काढण्याची एक रीत आहे. ती अत्यंत घातक आहे. ओंडका जमिनीत अडला की चाक फिरणे थांबते. पण इंजिनाचा जोर थांबत नाही. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू पाहते. त्याचे पुढचे तोंड वर उचलले जाते आणि तो क्षणार्धात मागे, चालविणाऱ्याच्या अंगावर, उलथतो. उडी मारण्यासही सवड मिळत नाही.

अशी दुसरी जोडी ठेवण्याची पद्धत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे पुष्कळ ठिकाणी मोटारींना चाकांचे दोन संच असतात. थंडीने साजूक तूप जसे थिजते, तसे उन्हाळ्याच्या टायरांचे रबर थंडीत कडक होते आणि सडकेला धरीनासे होते. तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हा फरक जाणवू लागतो. म्हणून हिवाळ्याचे टायर थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे करतात, आणि बर्फाला धरून ठेवण्यासाठी त्यांवर असंख्य बारीक चिरा पाडतात. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी असा टायर तयार केला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर २००८ पासून हिवाळी टायरांची सक्ती आहे. आता तिची मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. आपल्याकडून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच वर्षी हा खर्च करावा लागतो.

तेथे पुष्कळ लोक केवळ टायर न घेता ज्या कड्यावर टायर चढवितात ते कडे, म्हणजे रिमसुद्धा, वेगळे घेतात. दर मोसमाला रिमवरून टायर उपटून काढले, तर त्यांच्या कडा दुखावतात आणि कारागिराची मजुरीही वाढते. अख्खे चाक मात्र बोल्ट सोडून घरच्या घरी बदलता येते. तेथील निवडीचे नियमही आपल्या ओळखीचेच आहेत. छिद्रे जुळली पाहिजेत. रिम एक इंचाने लहान घेतले, तर टायर तेवढा जाड घ्यावा, म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास पहिल्याएवढाच राहतो. नाहीतर वेग दाखविणारा काटा खोटे बोलू लागतो. आणि बदलायची ती चारही चाके. दोनच बदलली, तर मोटारीचा अर्धा भाग सडकेला धरून राहतो आणि अर्धा घसरतो.

लोखंडी चाकांची खरी परीक्षा खाचराबाहेर आल्यावर होते. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना वाटेत सडक लागते. चाके बदलण्यात अर्धा तास जातो आणि आभाळ तर भरून आलेले असते! तो अर्धा तास वाचविण्यासाठी काही जण यंत्र तसेच डांबरावरून हाकतात. मग प्रत्येक पट्टी छिन्नीसारखी डांबरावर आपटते. डांबराला चरे पडतात, चऱ्यांत पाणी शिरते, आणि त्यावरून जड वाहने गेली की खड्डा होतो. त्याच सडकेवरून शाळेची मुले सायकलींनी जात असतात. शिवाय पट्ट्या वाकतात, आणि टणक सडकेवर चाकाला धरायला काही नसल्याने यंत्र घसरते. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला अर्ध्या तासाचे मोल किती असते, हे कोणीही मान्य करील. तरीही सडक ओलांडण्यापूर्वी चाके बदलणे किंवा यंत्र गाडीवर चढवून नेणे, हाच योग्य मार्ग होय.

श्रावणापर्यंत लावणी आटोपते आणि लोखंडी चाकांचे काम संपते. एके काळी मिठागरांसाठी नावाजलेल्या उरणच्या खाऱ्या हवेत उघडे लोखंड फार लवकर गंजते. बर्फाच्या देशांतही तोच शत्रू आहे. तेथे बर्फ वितळावे म्हणून सडकेवर मीठ टाकतात आणि ते रिम खाऊन टाकते. म्हणून चाके गोड्या पाण्याने धुऊन, पट्ट्यांच्या सांध्यांतला चिखल खरवडून, कोरडी करून त्यांना तेल लावतात. नंतर ती जमिनीवर न टेकविता पडवीत उंच टांगून ठेवतात. रबरी चाके पुन्हा आसावर चढतात. कारण आता कापणी होऊन भाताचे भारे खळ्यावर वाहून न्यायचे असतात, आणि त्या वेळी खाचरे वाळून टणक झालेली असतात.