वाम माशाचे मोल

कोकण किनाऱ्यावरील मासळीबाजारात सापासारखा लांबट व खवले नसलेला एक मासा विक्रीस येतो. त्यास वाम म्हणतात. आकारावरून काही जण त्यास साप समजतात व खाण्यास कचरतात. परंतु त्यास कल्ले व पर असतात, आणि तो सर्वस्वी मासाच आहे. पाठीवरील, शेपटीचे व पोटाकडील पर एकमेकांस जोडलेले असतात. पूर्ण वाढलेला वाम मासा दोन मीटरपेक्षाही लांब होतो.

हा मासा समुद्राच्या चिखलट तळाशी राहतो व लहान मासे, कोळंबी इत्यादी भक्ष्यावर जगतो. त्याचे पिल्लू मात्र मोठ्या माशासारखे मुळीच दिसत नाही. ते काचेसारखे पारदर्शक व वेळूच्या पानासारखे चपटे असून प्रवाहाबरोबर तरंगत राहते. अशी पिल्ले निराळ्याच जातीचे मासे होत, असे शास्त्रज्ञ पूर्वी मानीत. युरोपातील ईल माशाबाबतचा हा भ्रम इटलीतील ग्रासी व कालान्द्रुच्चो यांनी १८९० नंतरच्या दशकात दूर केला.

वाम माशाचे मांस ताजे व खारवून सुकविलेले, असे दोन्ही प्रकारे खातात. शेपटीकडील भागात बारीक काटे पुष्कळ असतात. परंतु मांसाइतकेच महत्त्व त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीस, म्हणजे बोतास आहे. चीनमध्ये वाळविलेल्या बोताचे सूप करतात; काही देशांत त्यापासून बनविलेला पदार्थ बिअर व मद्य नितळ करण्यासाठी वापरतात. म्हणून मासा कापताना कण्यालगतची ही पिशवी जपून काढावी, उभी चिरून रक्त व वरील पातळ पापुद्रा काढून टाकावा, स्वच्छ पाण्याने धुवावी व धूळ, माश्या लागणार नाहीत अशा जागी उन्हात वाळवावी. काढण्यास विलंब झाल्यास ती कुजू लागते व भाव उतरतो.

जिवंत वाम मासा हाताळताना सावध राहावे. त्याचे दात तीक्ष्ण असून तो कडकडून चावतो.

तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत लहान वाम मासेही सापडतात. त्यांचे बोत अगदी लहान असते व मांसही थोडेच मिळते. शेतकरी पोटऱ्यातील पीक कापीत नाही, तद्वतच मच्छीमारांनी बारीक आसाच्या जाळ्यांचा मोह टाळावा. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखालील निर्बंध व पावसाळी मासेमारीबंदी यांचा हेतू ग्रामसेवकांनी किनाऱ्यावरील गावकऱ्यांस समजावून द्यावा. आज सोडलेला लहान मासाच पुढे मोठा होऊन चांगला भाव देईल.