शीतकपाट आणि वानवळा

शाळेत निबंधाच्या वहीत आम्ही ‘शीतकपाट’ असे लिहीत असू आणि घरी मात्र ‘फ्रीज’ म्हणत असू. शब्द सुबक होता, अर्थही चटकन ध्यानात येणारा होता. परंतु एका हातात दुधाचे पातेले धरून दुसऱ्याला ‘जरा दार उघड रे’ असे सांगताना तो फार लांब पडला असावा. स्वयंपाकघराने तो स्वीकारला नाही. पुढे तो वर्तमानपत्रांतूनही मावळला आणि आता तो वापरणारे माझ्यासारखे काही मास्तर तेवढे शिल्लक राहिले आहेत.

आपल्या देशात या कपाटांचे उत्पादन गोदरेजने १९५८ मध्ये सुरू केले. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील मध्यमवर्गीय मराठी घरांत ते यायला मात्र त्यानंतर बरीच वर्षे गेली. आले तेव्हा त्याची स्थापना झाली ती दिवाणखान्यात. माथ्यावर क्रोशाने विणलेले आच्छादन, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, आणि पाहुण्यांची पाठ त्याच्याकडे होऊ नये अशा बेताने मांडलेल्या खुर्च्या! वैशाखाच्या दुपारी शेजारची मुले पातेली घेऊन दाराशी उभी राहत. ‘काकू, आईने बर्फ मागितलाय.’ त्या काळी कपाटाच्या वरच्या खणात बर्फाखेरीज दुसरे काही नसे, आणि तो बर्फ साऱ्या वाड्याचा असे.

त्या वरच्या खणात आज काय काय असते, हा विषय आमच्या रविवारच्या बैठकीत निघाला. बैठक म्हणजे आम्ही पाच स्नेही. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एक औषधांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले, एक ज्यांच्या ओट्यावर आम्ही जमतो ते यजमान, आणि मी. राजकारण पाच मिनिटांत आटोपते, प्रकृतीच्या तक्रारींना दहा मिनिटे पुरतात; उरलेला सारा वेळ खाण्याचा. त्या दिवशी शेव-उसळ आणली होती. (आपली घरगुती उसळ वडोदऱ्याच्या रस्त्यावर उतरली, तिने शेवेशी संधान बांधले आणि ती इतकी तिखट व इतकी लोकप्रिय झाली की आज तिला आपले माहेर आठवत असेल की नाही, याची मला शंका येते.)

बँकवाले म्हणाले, “दसऱ्याच्या आवराआवरीत आमचा फ्रीजर उघडला. बर्फ इतका साठला होता की आतले दारच लागेना. शेवटी वीज बंद करून खाली परात ठेवली आणि पुराणवस्तुसंशोधनास प्रारंभ केला.”

त्यांनी सांगितलेली यादी येथे देण्याजोगी आहे. खोवलेल्या नारळाचे दोन डबे, पैकी एक खवट झालेला. होळीच्या पुरणाचा गोळा. मटारची पिशवी, बर्फाने दगड झालेली. दोन उन्हाळ्यांपूर्वीचा आमरस. अर्धा पाव खवा. श्रीखंडाच्या डब्यात कोथिंबिरीची चटणी (श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड निघाल्याचे उदाहरण कोणत्याही मराठी घरात सापडणार नाही). लग्नातून आलेली बर्फी. आणि सर्वांत तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हिरवट काळा गोळा.

“मी हुंगला, हिने हुंगला. हिचे म्हणणे, कटाच्या आमटीचा मसाला. मी म्हटले, कट इतका हिरवा कसा? मग ही म्हणाली, पालकाचे वाटण असेल. भांड्यात घालून पाहावे असे ठरत होते, तेवढ्यात सूनबाई आल्या आणि किंचाळल्या, ‘अहो बाबा, ती माझ्या लग्नातली मेंदी आहे!’”

हसे ओसरल्यावर प्राध्यापकांनी विषय हाती घेतला. त्यांचा वर्ग एकदा सुरू झाला की घंटा होईपर्यंत थांबत नाही. पण जे सांगितले ते प्रत्येक गृहिणीच्या उपयोगाचे असल्याने थोडक्यात देतो. फ्रीजरचे आदर्श तापमान उणे १८ अंश सेल्सियस. तेवढ्या थंडीत जंतूंची वाढ थांबते, परंतु ते सारे मरत नाहीत. झोपी जातात म्हणा. पदार्थ बाहेर काढून दिवसभर ओट्यावर ठेवला की ते ताजेतवाने होऊन कामाला लागतात. म्हणून गोठलेला पदार्थ खालच्या खणात, म्हणजे फ्रीजमध्येच, सावकाश सुटू द्यावा. उणे १८ अंशांत सतत राहिलेले अन्न जुने झाले म्हणून बाधत नाही. त्याची चव जाते, कडा वाळतात, आणि नारळ-खव्यासारखे स्निग्ध पदार्थ थंडीतही हळूहळू खवट होतात. जुन्या एका दाराच्या फ्रीजचा वरचा खण मात्र तितका गार बहुधा होतच नाही, आणि भिंतींवर बर्फाचा थर चढला की उरलीसुरली थंडीही आतपर्यंत पोहोचत नाही.

“आणि गोठवलेल्या बटाट्याचा स्पंज का होतो?” कारखानेवाल्यांनी विचारले.

“पाणी सावकाश गोठले की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झटकन गोठले तर स्फटिक बारीक राहतात.” मग त्यांनी क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकनाची हकीकत सांगितली. १९१२ च्या सुमारास तो कॅनडाच्या लॅब्राडॉर प्रदेशात राहत होता. तेथील इन्युइट लोक बर्फातून काढलेले मासे कडाक्याच्या वाऱ्यात टाकत, ते क्षणार्धात गोठत आणि कित्येक महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्यावरून त्याने पुढल्या दशकात अन्न झटपट गोठवण्याची यंत्रे बांधली, आणि आज जगभर विकले जाणारे गोठलेले मटार हे त्याच खटाटोपाचे फळ. घरी मटार ठेवायचे तर ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून लगेच थंड पाण्यात काढावेत. असे केल्याने दाण्यातील विकरांचे काम थांबते आणि रंग व गोडी टिकते.

मी मराठीचा विद्यार्थी. माझे लक्ष रसायनापेक्षा शब्दांकडे जास्त. ‘शिळे’ हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. परंतु तो संस्कृत ‘शीतल’ या शब्दापासून आला आहे. शिळे म्हणजे मुळात थंड झालेले, एवढेच. उलट ज्याचा आपण अभिमान धरतो तो ‘ताजा’ फारसीतून आलेला पाहुणा. गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीला, रांधण छठीला, दुसऱ्या दिवसाचे अन्न शिजवून ठेवतात आणि शीतळा सातमेस चूल न पेटवता, तिची पूजा करून, थंड थेपले-ढेबरे खातात. महाराष्ट्रात हेच व्रत श्रावण शुद्ध सप्तमीला येते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आपल्यापैकी कित्येक घरांनी शेजाऱ्यांची तिथी केव्हा उचलली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्या दिवशी शिळे हाच नैवेद्य!

शिळे टाकण्याची तर आपल्याकडे रीतच नव्हती. पोळीचा कुस्करा होई, भाताला फोडणी बसे, उरलेली भाजी थालीपीठाच्या पिठात लुप्त होई. जे टिकवायचे ते उन्हाच्या स्वाधीन केले जाई: सांडगे, कुरडया, पापड, आमसुले. आणि जे उन्हालाही टिकवता येत नसे, म्हणजे आमरस, पुरण, खरवस, हुरडा, ते त्याच दिवशी वाटून संपवावे लागे. त्यासाठी आपल्या भाषेत एक सुरेख शब्द आहे, ‘वानवळा’. झाडाचे नवे फळ, शेतातील पहिली शेंग, घरात झालेला विशेष पदार्थ यांतला थोडासा वाटा आप्तेष्टांकडे व शेजारी चाखायला पाठवायचा, तो वानवळा. आठवीच्या वर्गात मी या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा एका चुणचुणीत मुलाने त्याचा संबंध वानराशी जोडला. मुलाचा दोष नाही. त्याच्या घरी वानवळा आलेलाच नसेल तर शब्द कोठून येणार?

तेव्हा मी बैठकीत असे मत मांडले की वानवळा मारला तो फ्रीजरने. पदार्थ आज संपलाच पाहिजे, ही निकड नाहीशी झाली. दोन वाट्या रस उरला की पूर्वी पहिला विचार येई तो ‘कोणाला पाठवावा?’, आता येतो ‘कोणत्या डब्यात घालावा?’. आणि डब्यात गेलेली वस्तू आठवणीत राहत नाही. बँकवाल्यांच्या आमरसाला दोन उन्हाळे कोणी विचारले नाही, आणि त्यांच्या शेजारी, भिंतीपलीकडे, नव्या भाडेकरूंची दोन मुले राहतात.

मान डोलावणाऱ्यांची संख्या समाधानकारक होती. इतक्यात चहा घेऊन आलेल्या यजमानीणबाई दारातच थांबल्या.

“भावजी, वाटीभर रस शेजारी गेला, एवढे तुम्हाला बरे आठवते,” त्या म्हणाल्या. “तो रस काढायला पहाटेपासून कोण बसले होते, ते आठवते का? पुरण पाट्यावर कोणी वाटले? आमच्या सासूबाईंनी तापातसुद्धा दोन्ही वेळा चूल पेटवली, कारण सकाळचे रात्री चालत नसे मामंजींना. शीतळा सातम वर्षातून एकदा येते. या फ्रीजरमुळे ती मला आठवड्यातून दोनदा मिळते. मी नोकरी केली ती त्याच्या जिवावर. वानवळा पाठवायचा तर पाठवा की, वाटी तुम्हालाही उचलता येते.”

कपबश्यांचा आवाज तेवढा होत राहिला. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. मला वाटते, या विषयावर माझ्या विधानापेक्षा त्यांचे उत्तर अधिक टिकाऊ आहे. फ्रीजरने जे नेले त्याचा हिशेब मांडताना जे दिले ते बायकांच्या खात्यावर जमा आहे आणि तो खातेवहीचा भाग पुरुष उघडत नाहीत.

परंतु त्यांच्याच फ्रीजरमध्ये तीन डबे होते, ज्यांबद्दल त्या दिवशी कोणी बोलले नाही. वडोदऱ्याची थंडी म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांचे दिवस. शेंगा सोलून निघणाऱ्या दाण्यांना येथे ‘लीलवा’ म्हणतात. उत्तरायणाच्या ऊंधियात ते हवेतच, आणि त्यांच्या कचोऱ्या ज्याने खाल्ल्या त्याला दुसरी कचोरी नीरस वाटते. यजमानांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. तो उन्हाळ्यात येणार म्हणून दोघे नवरा-बायको जानेवारीच्या उन्हात गच्चीवर बसून पाच किलो शेंगा सोलीत. त्यांतून दाणे निम्म्याहूनही कमी निघतात. नखे काळी होतात. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातली जाई. पहिल्या वर्षी मुलाचे येणे व्हिसाच्या कागदांमुळे राहिले, दुसऱ्या वर्षी नोकरी बदलली, तिसऱ्या वर्षी सुनेचे बाळंतपण. आदला डबा मागे सरकवून त्याच्यापुढे नवा ठेवला गेला. ते दाणे खाववतही नव्हते आणि टाकवतही नव्हते.

गेल्या श्रावणात मोबाईलवरच्या बोलण्यात आईने डब्यांचा विषय काढला, तेव्हा मुलगा सहज म्हणाला, “आई, कशाला त्रास घेतेस? इथे एडिसनच्या दुकानात फ्रोझन लीलवा बारा महिने मिळतात. गुजरातमधूनच येतात.” त्याचे म्हणणे खरे होते, आणि त्यात आईचे कष्ट वाचावेत याखेरीज दुसरा हेतू नव्हता. बाराएक हजार किलोमीटर ओलांडून तो दाणा त्याच्या ताटात आधीच पोहोचला होता.

“बरं,” एवढेच त्या म्हणाल्या, असे यजमानांनी मला सांगितले.

रांधण छठीला त्यांनी मागचे दोन डबे काढले. चव किंचित उतरली होती. आले, मिरची, तीळ, थोडी साखर आणि लिंबू यांनी ती सावरली. पन्नासेक कचोऱ्या झाल्या. सातमेच्या सकाळी यजमान स्वतः ताटल्या घेऊन निघाले. एक आमच्याकडे, एक प्राध्यापकांकडे, एक खालच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाकडे, आणि एक बँकवाल्यांच्या भिंतीपलीकडल्या त्या दोन मुलांकडे. ताटली रिकामी परत करू नये ही रीत अजून शाबूत आहे. आमच्या घरून साखर गेली, खालून चार मोहनथाळाच्या वड्या आल्या, आणि त्या मुलांच्या आईने, तिला दुसरे काही सुचेना म्हणून, फ्रीजरमधून काढून कोकमाचे सरबत पाठवले.

तिसरा डबा अजून तेथेच आहे. त्यावरील चिकटपट्टी सुटू लागली होती, म्हणून नवी लावली आहे; तारीख जुनीच ठेवली आहे.